दारातून मारलेली हाक

दादा,

मी कॉलेजच्या लॅबमध्ये चाललेय. भाकऱ्या टोपलीत आहेत, कालवण तेवढं गरम करून घे.

काल तू जेवत होतास. मी मागून तुझ्या खांद्यावर थाप मारली, तू ताट भिरकावलंस आणि मी वहिनीसमोर ओरडले, "डोकं ठिकाणावर हाय का तुजं?" ते मी बोलायला नको होतं.

कारखान्यात लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या खडखडाटात हाक ऐकू येत नाही, म्हणून खांद्यावर थाप मारून बोलवायचं, ही तुझीच सवय आपल्या घराला लागली. पण कारखान्याचं पत्र्याचं छत तुझ्या पाठीवर कोसळल्यापासून मेंदू त्या थापेला धोकाच समजतो. हात आधी उठतो; मागे बहीण आहे की पत्रा, हे विचार करणाऱ्या भागाला नंतर कळतं. हे मी बीएस्सीला शिकले, तरी गप्प बाजूला न होता वाद घालत बसले.

अकलोलीला मामांकडे जायला भरलेली तुझी पिशवी पाहिली. वहिनीला म्हणालास, "मी घरात ठेवण्यासारखा न्हाय राहिलो." तसं नाहीये. आज जाऊ नकोस.

मी सहाला येईन. समोरच्या दारातूनच हाक मारीन. तू फक्त ओ दे.

सुकन्या