काहून आणि कायले

कारंजा लाड,
बुधवार

प्रिय टीना,

‘प्रिय’ लिहिताना पेन जरा अडलं. पण पत्राची सुरुवात दुसऱ्या कशानं करायची हे आपल्याला शाळेत कुणी शिकवलंच नाही, तेव्हा राहू दे. तू आली आहेस हे परवाच कळलं. अम्मीनं तुला दुकानाच्या पायरीवर पाहिलं आणि घरी येऊन बुरखा काढायच्या आधी सांगितलं, पदमचंदसेठची टीना आली बेंगळुरूहून, चेहरा कसा भरलाय, माशाल्ला. तिला अजून वाटतं की तू संध्याकाळी आमच्या गल्लीत येशील आणि ओट्यावर बसून तिच्याशी गप्पा मारशील. मी तिला काहीच सांगितलेलं नाही. तुझ्याबद्दलचं तिचं प्रेम मोडायला मला अजून वेळ मिळालेला नाही.

आमच्याकडचं म्हणशील तर अब्बांचे गुडघे दुखतात, तरी गाद्या-रजयांचं दुकान ते कुणाच्या हाती द्यायला तयार नाहीत. दुकानाच्या वरच्या खोलीत मी मुलींना कम्प्युटर शिकवते. त्यांना फाइल कुठे ठेवायची आणि पासवर्ड कुणाला सांगायचा नाही हे सांगता सांगता माझा दिवस जातो. पुण्यात मशीनचे प्रोग्राम लिहिणारी मुलगी कारंज्यात टायपिंग काहून शिकवून राह्यली, असं लोक सुरुवातीला तोंडावर विचारायचे. आता विचारत नाहीत. त्यांना उत्तर ठाऊक आहे, म्हणजे तू दिलेलं उत्तर ठाऊक आहे.

या पत्रात तुला पाठ असलेल्या बऱ्याच गोष्टी मी फोडून सांगणार आहे. कंटाळू नकोस. हे पत्र तू एकटी वाचशील असं मी धरून चाललेले नाही. पदमचंदकाका वाचत असतील तर त्यांनाही सगळं कळलं पाहिजे.

तर काका, तुमची टीना आणि मी पुण्याच्या एका छोट्या कंपनीत होतो. रुईच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसचे कंट्रोलर तिथे बनायचे. पहिल्याच आठवड्यात टीना कुणाला तरी ‘काहून’ म्हणाली आणि अख्खी खोली हसली. त्या दिवसापासून ती असं पुणेरी बोलायला लागली की मला तिच्याशी बोलताना पाहुणीशी बोलल्यासारखं वाटायचं. मला मात्र राग आला, आणि माझा राग कसा असतो ते तुला माहीत आहे, टीना. मी म्हटलं, हसता काय, हाच शब्द आता तुमच्या प्रत्येक मशीनमध्ये घालते. आणि घातला.

प्रेसच्या कंट्रोलरमध्ये तळाशी एक कर्नेल असतं. कुणी कधी चालायचं, कुणी थांबायचं, हे तो प्रोग्राम ठरवतो. त्यातच काही अडलं तर डीबगर उघडायचा. तो उघडला की सगळं जागच्या जागी थांबतं आणि लॅपटॉपवरून कमांड देऊन आत डोकावता येतं. या कमांड आभाळातून पडत नाहीत. प्रत्येक कमांड कुणीतरी लिहावी लागते, आणि मशीन सुरू होताना ती डीबगरकडे नोंदवावी लागते. नोंदवताना सांगायचं की हिचं नाव हे, ही आली की हे काम करायचं, मदत मागितली तर ही एक ओळ दाखवायची, पूर्ण नाव लिहायचा कंटाळा असेल तर निदान इतकी अक्षरं चालतील, आणि ही सगळ्यांना खुली आहे की हिला परवानगी लागते. डीबगर नोंदीच्या क्रमानं बघत जातो आणि जी पहिली जुळते ती चालवतो. त्याच अक्षरांची दुसरी मागे उभी असली तरी तिच्याकडे तो ढुंकूनही बघत नाही.

माझी कमांड होती ‘काहून’. प्रेस काहून अडली, कुठल्या कामानं लॉक, म्हणजे दुसऱ्याची चालायची पाळी, धरून ठेवलीय, एवढंच ती सांगायची. बघायची, हात लावायची नाही, म्हणून ती मी सगळ्यांना खुली ठेवली. इंग्रजी के आणि ए, ही दोन अक्षरं तिला पुरत. फील्डवरची पोरं तिला ‘का’च म्हणायला लागली. अमरावतीला त्यांचं ट्रेनिंग मीच घेतलं होतं, आणि त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं की ‘का’ फक्त बघतं. अडलेली प्रेस वीज बंद करून तपासता येत नाही, काय अडलं ते सगळं पुसलं जातं. मशीन चालू ठेवून, डीबगरमध्ये थांबवून, ‘का’ दाबून बघायचं. त्या पोरांत आपल्या जवळच्या धनज गावचा धम्मपाल होता. सगळ्यात जास्त प्रश्न विचारायचा, आणि एकदा पटलं की डोळे मिटून विश्वास ठेवायचा.

मग तू ‘कायले’ लिहिलीस. तुला अचानक आपली बोली आठवली, कारण माझ्या कमांडचं आपल्या वरच्या भागवत साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं. बाहेरच्या माणसाला हे दोन्ही शब्द सारखेच. पण तू आणि मी कारंज्याच्या. आई ‘काहून रडून राह्यली’ म्हणते तेव्हा तिला कारण हवं असतं, आणि ‘कायले रडून राह्यली’ म्हणते तेव्हा रडणं बंद व्हायला हवं असतं. तू नाव अगदी बरोबर निवडलंस. तुझी कमांड कारण विचारत नव्हती. अडकलेलं लॉक हिसकावून सोडवायची आणि प्रेस पुन्हा चालू करायची. कमांड हुशारीची होती, हे मी तेव्हाही म्हटलं होतं, आजही म्हणते. पण तिला परवानगी लागायलाच हवी होती, आणि आधी लागतही होती. साहेबांना दाखवताना डीबगरनं तुला परवानगी नाही म्हणून परत पाठवलं आणि तुझं तोंड एवढंसं झालं. त्यानंतर तू ती सगळ्यांना खुली करून टाकलीस. दाखवताना झोकात दिसावं म्हणून दोनच अक्षरं ठेवलीस, तीच दोन. आणि तुझी नोंद माझ्या नोंदीच्या वर नेऊन बसवलीस. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. माझ्या ‘का’वर पोरांचा जो विश्वास बसला होता, त्यावर तू जाऊन बसलीस, आणि कुणाला सांगितलंही नाहीस.

हंगाम ऐन भरात असताना एका प्रेसिंग फॅक्टरीत प्रेस अडली. धम्मपाल गेला. उजवा हात आत घालून तो सेन्सरची वायर चाचपत होता आणि डाव्या हातानं त्यानं लॅपटॉपवर ‘का’ दाबलं. प्रेस खाली आली. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यानं मला फोन लावायला सांगितलं. रडत नव्हता, ओरडत नव्हता. एवढंच म्हणाला, “ताई, मी तं ‘का’च दाबलं व्हतं. रोज दाबतो तेच.”

ते वाक्य मी तुला तेव्हा सांगितलं होतं. आठवतं? तू पाणी प्यायलीस. मी नोंदींची फाइल उघडून पाहिली, तेव्हा तुझी नोंद माझ्या नोंदीच्या वर होती. संध्याकाळी पुन्हा उघडली तर ‘कायले’ मुळातच कधी नव्हती अशी साफ झालेली. ऑफिसात सगळे एकाच नावानं लॉगिन करायचे, त्यामुळे कुणी पुसलं हे विचारायचीही सोय नव्हती. चौकशीच्या दिवशी मी तुझ्याकडे बघत होते. मला खरंच वाटलं होतं की आता तू बोलशील. तू बोललीस. “‘का’ ही नाजिशची कमांड आहे, सर. सगळ्यांना माहीत आहे.” शब्द न शब्द खरा, आणि तरी एवढं खोटं मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

करून सवरून तू नामानिराळी राहिलीस. मला काढलं. धम्मपालवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला, चालू मशीनमध्ये हात घातला म्हणून. मी इथे परत आले आणि पहिल्याच आठवड्यात धनजला गेले. त्याची बायको सपना दारात आली. म्हणाली, तुमच्या कमांडनं माह्या नवऱ्याचा हात नेला, आता कायले आल्या? आणि दार लावलं. ती ‘काहून’ म्हणाली असती तर मी सांगितलं असतं. ती ‘कायले’ म्हणाली, म्हणून मी परतले. एसटीच्या स्टॉपवर बसले तेव्हा तुझा हात त्या प्रेसखाली असावा, असं माझ्या मनात आलं. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. अजून वाटत नाही.

त्यानंतर मी काय करत होते ते आता ऐक. ऑफिसातली फाइल तू साफ केलीस, पण कमांड ऑफिसात नोंदवल्या जात नाहीत, टीना, त्या मशीनमध्ये नोंदवल्या जातात, दर वेळी सुरू होताना. त्या प्रेसचा कंट्रोलर सरकारी माणसांनी अपघाताच्याच दिवशी काढून मोहोरबंद केला होता. हे घाईत तुझ्या लक्षात आलं नाही. मी सपनाकडे जात राहिले. ती दार लावत राहिली, मी जात राहिले, शेवटी तिनं एकदा ओसरीवर बसू दिलं आणि कंट्रोलर म्हणजे काय ते ऐकून घेतलं. धम्मपालनं कामगार न्यायालयात अर्ज केला. गेल्या आठवड्यात न्यायालयाच्या तपासनिसांनी माझ्या, कंपनीच्या माणसाच्या आणि धम्मपालच्या समोर तो कंट्रोलर टेबलावर ठेवून सुरू केला. प्रेसच्या जागी नुसता एक दिवा जोडला होता, प्रेस चालवायचा हुकूम सुटला की तो लागणार होता. तपासनिसांनी आधी मदतीची यादी मागवली. वर तुझी ‘कायले’, खाली माझी ‘काहून’. मग त्यांनी ‘का’ दाबलं, आणि दिवा लागला. धम्मपाल त्या दिव्याकडे बघत राहिला, आणि कंपनीच्या माणसानं मान खाली घातली. मला आनंद झाला, टीना. वर्षभरात पहिल्यांदा पोटभर आनंद झाला. तो मी तुझ्यापासून लपवणार नाही.

आता न्यायालयाचं समन्स तुला येईल. पत्ता मी दिलाय. बेंगळुरूचाही माझ्याकडे होता, पण मी कारंज्याचा दिला, दुकानाचा. भर बाजारात, गिऱ्हाईक समोर असताना ते यावं अशी माझी इच्छा आहे. काकांना त्रास होईल याचं मला वाईट वाटतं. माझ्या अब्बांना जेवढा झाला त्याहून जास्त होणार नाही.

मग समन्स येणारच होतं तर पत्राचा खटाटोप कशाला? सांगते. आज सकाळी तुझा मेसेज आला. कमळाचं चित्र, जोडलेले हात, ‘उत्तम क्षमा’, जाणता-अजाणता मन दुखावलं असेल तर वगैरे. वर पुढे पाठवल्याची खूण. फोनमधल्या सगळ्यांना एका झटक्यात पाठवलास आणि त्यात मीही आले. आजच्या दिवशी, क्षमावाणीला, तुझी आई सूरजकाकू दरवर्षी आमच्या उंबऱ्यापर्यंत यायची, अम्मीपुढे हात जोडायची, आणि अम्मी संकोचून म्हणायची, बाई, तुम्ही माझं काय बिघडवलं? त्या म्हणायच्या की क्षमा दारात जाऊन मागायची असते. तुझा मेसेज वाचला तेव्हा धम्मपाल वकिलाचे कागद घेऊन खाली दुकानात आला होता. मी त्याला विचारलं, तुला आला का? नाही आला. त्याचा नंबर तुझ्याकडे कधी नव्हताच. म्हणून हे पत्र मी त्याच्याच हाती पाठवतेय, आणि मुद्दाम आजच, तुमची बैठक पाहुण्यांनी भरलेली असताना. तुझ्यासमोर उभा आहे तो धम्मपाल. तू त्याला कधी पाहिलेलं नाहीस, आता बघून घे. पत्र डाव्या हातानं दिलं याचा राग मानू नकोस. निघताना तो मला म्हणाला, “तिनं तोंडानं मागितली तं मी देऊन टाकीन, ताई. मले ते ओझं घेऊन फिरनं नाई जमत.” तो शब्दाचा पक्का आहे, देईल. तेव्हा जे मागायचं ते त्याच्याकडे माग, सगळ्यांदेखत, काय केलंस ते नाव घेऊन सांगून. माझ्याकडे मात्र मागू नकोस. माझ्याकडे ती नाही.

तरीही तुझीच,
नाजिश