दिमोनाविरुद्धचा गोल

प्रिय बाबा,

तुम्ही जाऊन वर्ष झालं, तरी हे सांगावं असं दुसरं कुणी नाही. दिमोनासाठी सगळ्यांत जास्त गोल मीच मारले. काल मात्र तेल अवीवच्या संघाकडून खेळताना आपल्याच गावाविरुद्ध मारला. आनंदाने मी हातसुद्धा वर केले नाहीत. तरी तुमचा न्हावी मीमोन ओरडला, "गद्दारा! बरं झालं, हे बघायला मखलूफ जिवंत नाही!"

आई त्याच्या शेजारीच बसली होती.

सामना संपल्यावर मी तिला म्हटलं, "चल, घरी सोडतो."

"गोल झकास होता रे," ती हळूच म्हणाली. "पण घरी नको येऊस. मला या लोकांतच राहायचंय."

मी आमच्या संघाच्या बसमध्ये जाऊन बसलो. पोरं विजयाची गाणी म्हणत होती.

तुमचाच,
अविशाय