पुढच्या खोलीचा रंग

माय, पुढच्या खोलीचा रंग बदलला. तुला हे सांगायला दुसरं कुणी नाही म्हणून मीच सांगते.

शिरपूरच्या या घरात तू फार राहिलीसच नाहीस. नाना वरणगावच्या फॅक्टरीतून रिटायर झाले, तुझ्या माहेरगावी दोन खोल्या आणि ओटा बांधला, पुढच्या खोलीला तू स्वतः चुन्यात नीळ कालवून हात दिलास, आणि तिसऱ्या दिवाळीआधी तू गेलीस. तेव्हापासून नानांनी त्या भिंतीला कुणाला हात लावू दिला नाही. घराचं बाकी काही करा, मागची मोरी करून घ्या, पत्रे बदला, पण तो रंग राहू द्या, म्हणायचे. मीही कधी आग्रह केला नाही. सणाला जळगावहून यायचे, त्या भिंतीकडे पाठ करून जेवायचे आणि परत जायचे.

या पावसाळ्यात नाना मोरीत घसरले. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. दूधवाला सकाळी आला तेव्हा त्याला आतून कण्हणं ऐकू आलं. मी पोचले तोवर शेजाऱ्यांनी त्यांना खाटेवर निजवलं होतं आणि ते सगळ्यांना चहा विचारत होते. मी म्हटलं, "नाना, आता जळगावला चला. तुमच्यासाठी खोली रिकामी केलीय." त्यांनी पायावरचं पांघरूण नीट केलं. म्हणाले, "माले जळगावले नही येवानं. तठे चौथ्या मजल्यावर मी काय करू? कबुतरं मोजू?" मी रागावले, मग रडले. शेवटी आमचं एवढंच ठरलं की पुढची खोली भाड्याने द्यायची. भाड्यासाठी नाही, रात्री हाक मारली तर ओ देणारं कुणीतरी घरात असावं म्हणून. दिवाळीपर्यंत माणूस मिळालं नाही, तर नाना माझ्याकडे येणार. हा शब्द मी त्यांच्याकडून घेतला, आणि त्यांनी तो जड मनाने दिला.

शिरपुरात खोली शोधणाऱ्यांना तोटा नाही. कॉलेजं आहेत, दवाखाने आहेत. लोक यायचे, ओट्यावरून आत डोकं घालायचे, "सांगतो" म्हणायचे आणि परत फिरकायचे नाहीत. एकदा मी तिथे असताना एक मुलगी आली. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली, इथल्या दवाखान्यात नर्स. नानांशी छान बोलली, त्यांच्या पायाची सूज दाबून पाहिली, पाणी प्यायली. बाहेर पडली आणि फाटकापाशी उभी राहून मैत्रिणीला फोनवर सांगू लागली, "बाबा चांगला शे, पन खोली अंधारी शे. भीतले ओल शे." नाना ओट्यावरच बसलेले. त्यांनी ऐकलं. मी ऐकलं.

मला त्या क्षणी वरणगावचं क्वार्टर आठवलं. मी चौथीत असेन. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पोपडे धरले होते आणि तू बाजारात गेलेली असताना मी तुला खूश करायला डब्यातला उरलेला चुना त्यावर फासला होता. तू येतेस, पिशवी खाली ठेवतेस, भिंतीकडे बघतेस. मी शाबासकीची वाट बघत उभी. तू म्हणतेस, "आधी पानी कथाईन ये ते देख, मंग रंग दे." पाणी कुठून येतं ते न बघता वरून रंग फासणं म्हणजे न धुतलेल्या तोंडाला पावडर लावणं, असंही म्हणालीस, आणि मला बाहेर नेऊन, स्टुलावर चढवून तुंबलेली पन्हळ दाखवलीस. तिच्यात चिमणीचं जुनं घरटं अडकलं होतं. कौलांमध्ये एक काचेचं कौल बसवून घ्यायला नानांच्या मागे लागली होतीस तेही तिथेच. चुलीपाशी दुपारचं ऊन उतरायचं, भाकरीच्या पिठावर पडायचं. शेजारच्या बायका म्हणायच्या, सरकारी क्वार्टरला कशाला एवढं? बदली झाली की सोडावंच लागणार. तू हसून म्हणायचीस, "राहतस तोवर घर आपलंच शे." तुझं बोलणं ऐकून त्या हसायच्या, त्यांची बोली निराळी होती ना, पण पुढच्या उन्हाळ्यात तीन क्वार्टरांना काचेची कौलं लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन पुढच्या खोलीत गेले तर नाना भिंतीसमोर उभे होते. एका हाताने खुर्चीची पाठ धरलेली, दुसऱ्या हाताचा अंगठा भिंतीवर. पोपडा त्यांनी नखाने उचलला, तो हातात भुरभुरला. म्हणाले, "तुनी मायना रंग आठे कोठे राहिना आते?" खरंच, माय, तो कुठे उरला होता? निळा कधीच गेला होता. होती ती ओल, धूर, आणि इतक्या वर्षांची आमची दोघांची भीती. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "तिले अंधार आवडे नही. पत्र्याचा पाइप कोठे फुटेल शे ते आधी देखू."

मग आम्ही कामाला लागलो. मी रजा वाढवली. पाइप सांध्यात उकललेला होता, पत्र्यावरचं सगळं पाणी खोलीच्या कोपऱ्यात मुरत होतं. तो बुजवून घेतला. पोपडे खरवडले, भिंत आठवडाभर उघडी वाळू दिली. खिडकीपुढे कपाट होतं. तू गेल्यावर तुझ्या साड्या ठेवायला आणलेलं, तिथे का ठेवलं ते आम्हा दोघांनाही आठवेना. शेजाऱ्याच्या मदतीने ते आतल्या खोलीत सरकवलं, आणि एक पैही न घालता खोली दुप्पट झाली! वरचा एक पत्रा काढून पारदर्शक पत्रा टाकला. दार घासून त्याला जवसाचं तेल पाजलं, आतून नवी कडी लावली, मोरीत धरायला एक दांडी बसवली आणि लादी खडबडीत करून घेतली. दुकानदार प्लॅस्टिक पेंटचा डबा दाखवत होता. नाना म्हणाले, चुनाच द्या. नीळ त्यांनी स्वतः कालवली. चुन्याचा पहिला हात ओला असताना काहीच दिसत नाही, तुला ठाऊक आहे. मला वाटलं फसलं. संध्याकाळपर्यंत भिंत उजळत गेली. नाना खुर्ची मागे घेऊन बघत बसले. "तिना हात जरा पातळ होता," एवढंच म्हणाले, आणि मला तो त्यांचा खूश झाल्याचा आवाज कळला.

"ती नर्स पोर," ते मग म्हणाले, "तिले फोन लाव."

ती आली, सोबत आईला घेऊन. आई डोंगराकडच्या बोलीत बोलत होती, आम्हाला कळत नव्हतं. ती कुणाकडे न बघता सरळ त्या कोपऱ्यात गेली, तळहात भिंतीला लावून बराच वेळ उभी राहिली. मग ती मुलीला काही म्हणाली. मुलगी हसून म्हणाली, "आई विचारते, भिंत कोणी सारवली?"

नाना ताठ बसले. "मी आन् मनी पोरनी," म्हणाले.

दिवाळी झाली. मुलगी राहते आहे. रात्रपाळी असली की शेजाऱ्यांना सांगून जाते. नानांच्या पायाला शेक देते, आणि नाना तिला त्यांचं वांग्याचं भरीत खायला लावतात, जे तुलाही कधी आवडलं नव्हतं. परवा मी फोन केला तर म्हणाले, "मंग बोलू, आम्ही पडदे लावी राहिनूत," आणि ठेवून दिला. मी फोन हातात घेऊन हसत बसले, थोडं डोळ्यांत पाणी घेऊन.

हे लिहून झालं की कुठे ठेवायचं ते मला माहीत नाही; तुझा पत्ता असता तर इतकं लांब लिहिलंही नसतं. एकच सांगायचं राहिलं. नवऱ्याला, नातेवाइकांना, ऑफिसात, सगळ्यांना मी सांगते की नानांसाठी केलं. ते खोटं नाही. पण नाना जळगावला आले असते तर त्या घराला कुलूप लागलं असतं, आणि मग मी दिवाळीला कुठे गेले असते, माय? मला माहेर हवं होतं. या वयात हे कुणाला सांगणार?