फिनेट आणि डावी बाजू

फोर्ट केंट, मेन
रविवार, ४ ऑक्टोबर १९८७

प्रिय ओमेर,

लेकीकडे रुळला असशील असं धरून चालतो. इकडे बटाट्याची काढणी उरकली. तुझ्या आल्डिया वहिनीचा गुडघा हल्ली तिच्यापेक्षा जास्त कुरकुरतो. आज रविवार, शिकारीला बंदी, म्हणून लिहायला बसलो. दोन वर्षांतलं पहिलं पत्र आहे, ठाऊक आहे मला. पण आधी बातमी ऐक. मी कुत्री घेतली!

गेल्या वर्षी बर्नादेत सिरकडे ब्रिटनी जातीच्या शिकारी कुत्रीची सात पिल्लं होती. मी सवयीनं सगळ्यात दांडगं उचललं. बाई म्हणाली, "लूसियन, वय काय तुझं?"

"त्र्याहत्तर."

"मग ठेव ते खाली. ते डोंगरापलीकडे तितर उठवेल आणि तू इथे धापा टाकत बसशील. म्हाताऱ्याला पायाशी राहणारं कुत्रं हवं."

तिनं मला कुरणात चालायला लावलं. सहा पिल्लं उधळली. सातवी दहा पावलं गेली, थांबली, मी येतोय का ते बघून पुन्हा पुढे गेली. हीच फिनेट.

शिकवणं सोपं होतं, शिकलो मीच जास्त. ती लांब गेली की हाक मारायची नाही, गुपचूप उलट्या दिशेला वळायचं. कधी झाडाआड लपायचं. घाबरून शोधत आली की लाड करायचे. माझ्यावर नजर ठेवणं हे तिचंच काम झालं. आल्डिया खिडकीतून ओरडायची, "या वयात लपाछपी! लोक बघतायत!" शिट्टीही वापरत नाही, सगळं हाताच्या खुणांनी. का, ते सांगायचं टाळत इथवर आलो खरा.

झाडीत कुठे आहे ते कळावं म्हणून मार्चमध्ये फिनेटच्या गळ्यात नवी घंटी बांधली. स्वयंपाकघरात ती मान झटकत होती. आल्डिया वैतागली, "काढ ती घंटी, डोकं उठलं माझं!"

मी म्हटलं, "वाजते कुठे?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग डॉक्टरकडे नेलं. तो म्हणाला, बारीक, किणकिणते आवाज तुम्हाला बऱ्याच वर्षांपासून ऐकू येत नसणार.

ओमेर, बऱ्याच वर्षांपासून.

दोन वर्षांपूर्वी आपला कुत्रा कॅप्टन लाकडं वाहणाऱ्या ट्रकखाली गेला, त्या दिवशी तू ओरडला होतास, "घंटी रस्त्याकडे वाजतेय, बोलाव त्याला!" मी म्हटलं, कसली घंटी? त्याच्या गळ्यातला पट्टा कधी सापडला नाही, आणि तू घंटी बांधायला विसरलास असं मी गावभर सांगत सुटलो. तू बांधली होतीस. मलाच ऐकू आली नाही. माझी शिट्टी तो ऐकायचा, तुझी नाही. मी वाजवली असती तर तो फिरला असता. म्हणून आता शिट्टीला हात लावत नाही.

मार्चपासून हे लिहायचं होतं. लाज वाटत होती. आज मिस्सा झाल्यावर चर्चच्या तळघरात, सगळे कॉफी पीत असताना, उभा राहिलो आणि सगळ्यांना खरं सांगितलं. म्हातारा फिलियास म्हणाला, "आम्हाला कधीच कळलं होतं तू बहिरा आहेस. तुलाच सांगितलं तर ऐकू आलं नाही!" सगळे हसले. मीही हसलो, मग रुमाल काढावा लागला.

काल जुन्या सफरचंदाच्या बागेत फिनेट तितराच्या वासानं पंधरा पावलांवर थिजली. पाय वर, शेपूट ताठ. मान न हलवता एक डोळा माझ्याकडे. तितर उठलं ते डावीकडे. ओमेर, मी बार काढलाच नाही. पन्नास वर्षं डावीकडे तू असायचास; तिकडे बंदूक वळवायची नाही हे हातांना पाठ आहे. फिनेटनं माझ्याकडे असं बघितलं, की मला तिचीही माफी मागावी लागली.

शनिवारी ये. आल्डिया कुट्टूच्या घावनांचं पीठ भिजवून ठेवणार आहे. रागावलेला असलास तरी ये, बागेत चालता चालता भांड. फक्त माझ्या उजव्या कानाशी भांड, तो जरा बरा आहे.

डावी बाजू तुझी आहे.

चुकलेला, तुझाच थोरला,
लूसियन