लाल कोटाचा कप्तान मेला की नाही

ती. अक्का,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात. गुडघ्यांनी ते काम कधीच सोडलंय.) तुझा खोकला कसा आहे? भाऊजींचे नवे दात तोंडात बसले का, की अजून वाटीतच आहेत? इकडे सगळे बरे आहेत, मी सोडून. मला आजार काही नाही, मी नुसती दमलेय. कशानं दमलेय ते सांगायची लाज वाटते म्हणून उत्तराला उशीर झाला. तू शाळेची हेडबाई होतीस आणि मी जेमतेम चौथीपर्यंत गेलेली, तेव्हा लाल पेन बाजूला ठेवून वाच.

नात कॉलेजसाठी तुझ्या घरी राहायला येणार म्हणून तू घरचे नियम कळवलेस. संध्याकाळी टीव्ही बंद, मोबाइल कपाटावर, आणि जेवताना सगळ्यांनी गप्पा मारायच्या. पहिले दोन ती पाळेल गं. तिसऱ्याची मला धास्ती आहे. ही पोर बोलत नाही, अक्का. मुकी नाही, पण "हं", "नको" आणि "बघू" एवढ्यावर तिनं सगळी शाळा काढली. मुलगा आणि सूनबाई कामावर, ती तिच्या खोलीत, मी माझ्या. तिच्यापेक्षा भाडेकरू बरा, निदान नळ गळतो म्हणून तक्रार तरी करतो. तुझ्याकडे येऊनही ती अशीच भिंतीसारखी बसली तर परक्या गावात तिचं कसं व्हायचं, हा घोर मला लागलाय. म्हणून पुढचं सगळं सांगते, जरा वेडगळ वाटलं तरी वाचून काढ.

माझा मोतीबिंदू काढला तेव्हा डोळ्यांत थेंब घालायचं काम तिच्याकडे आलं. थेंब घातले की ती शेजारी बसून तिची कार्टून मालिका लावायची. (डॉक्टर म्हणाले होते टीव्ही कमी बघा. कमी म्हणजे किती, ते बोलले नाहीत.) गोष्ट अशी आहे की एक विमान आहे, पण आभाळाच्याही वर हिंडणारं. त्यातली माणसं आपलं घर शोधतायत, कारण ज्या ग्रहावरून निघाली तो कुठं होता हेच विसरलीत. एवढी मोठाली यंत्रं घेऊन निघाले आणि पत्ता कुणी लिहून घेतला नाही! त्या मालिकेचे सिनेमे आहेत, पुस्तकं आहेत, कपावर चित्रंसुद्धा आहेत. त्यांची नावं माझ्या जिभेवर बसेनात म्हणून मी आपली माझी ठेवली. कप्तान तो कप्तान. त्याच्या हाताखालचा लांबमान्या. लोखंडी नोकर ते डबडं. आणि निळ्या केसांची एक बाई आहे, ती सारखी कुणाला ना कुणाला शिस्त लावत असते, तिला मी अक्का म्हणते. (रागावू नकोस. सगळ्यांची आवडती तीच आहे.)

तर कप्तान एका स्फोटात गेला आणि त्याचा लाल कोट तेवढा खुंटीवर राहिला. पुढच्या भागात लाल कोट दारातून आत आला आणि मी टाळी वाजवली, "अगं, आला की कप्तान!" नात म्हणाली, "आजी, तो लांबमान्या आहे. त्यानं फक्त कोट घातलाय. कप्तान मेला." आता चारचौघांत काय, एकटीसमोरही मी हार मानत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. आमचं इस्त्रीचं दुकान तू पाहिलंस, माझा जन्म त्या टेबलापाशी गेला. मी म्हटलं, दुसऱ्याचा कोट खांद्यावर लगेच कळतो, एक तर ओघळतो नाहीतर ताणतो. हा बघ कसा मापानं शिवल्यासारखा बसलाय. आत कप्तानच आहे, वरून तोंड लांबमान्याचं लावलंय.

पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. मग ते चित्र मागे नेऊन नेऊन तिनं तो खांदा पाहिला आणि मोबाइलवर भराभर काहीतरी लिहिलं. या मालिकेचे वेडे लोक म्हणे मोबाइलवर जमतात आणि पुढं काय होणार याचे तर्क लढवतात. तिथं माझा तर्क असा काही पेटला की विचारू नकोस. 'कोटवाल्या आजी' म्हणून माझं नाव झालं. (जन्मभर लोकांच्या कोटांना इस्त्री केली तेव्हा कुणी ओळख दाखवली नाही.)

तेव्हापासून माझी पाठ काही टेकत नाही. दर रविवारी तो सगळा गोतावळा आमच्या घरी येतो, दारात चपलांचा ढीग, पलंगावर पोरं, आणि एकुलत्या एका खुर्चीवर एक दातांचा डॉक्टर, चांगला पोक्त माणूस, टक्कल पडलेला, तो छातीवर हात ठेवून मला विचारतो की आजी, डबड्याला मन असेल का हो? मी काय सांगणार, मी त्याला चहा दिला. एकदा मी सहज म्हटलं की एवढी वर्षं हे लोक हिंडतायत, पण कुणाच्या कपड्याला चुरगळी कशी नाही? विमानात दोरी नाही, बादली नाही, चिमटे नाहीत. म्हणजे तिथं कुणीतरी आहे जे कधी दिसत नाही आणि सगळ्यांचे कपडे धुऊन इस्त्री करतं. डॉक्टरनं हळूच विचारलं, "कोण असेल, आजी?" मी म्हटलं, "मला काय ठाऊक? पण दमलेलं असणार." त्यावर दुपारभर खल झाला आणि शेवटी त्यांनी ठरवलं की कप्तानच रात्री लांबमान्याचं तोंड उतरवून विमानाच्या पोटात लपून इस्त्री करतो. माझ्या कंबरेचं भुस्काट झालं, पण मला बसायला जागा कुणी दिली नाही.

आणि मग त्यांच्यातला एक चष्मेवाला उठला. म्हणाला, "आजी काहीही सांगतात. चित्र काढणाऱ्याला खांदे वेगळे काढायचा कंटाळा आला असेल, बाकी काही नाही. कप्तान मेलाय, विषय संपला." अक्का, आमची भिंत पलंगावर उभी राहिली! "माझ्या आजीनं आयुष्यभर कोट हाताळलेत," ती म्हणाली, "तुला स्वतःच्या शर्टाची बटणं तरी धड लावता येतात का?" त्यानं खाली पाहिलं तर खरंच वरचं बटण खालच्या काजात. जो काही हशा पिकला! तो चिडला, ती त्याहून चिडली, दोघं तासभर हातवारे करून भांडत होती. मी चहाच्या निमित्तानं आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. घरात भांडणाचा आवाज होता आणि तो माझ्या नातीचा होता. चहा उतू गेला तरी मी हलले नाही.

आता ती माझ्याशीही भांडते. दात घासता घासता, तोंडात फेस असताना, डबड्याच्या मनाबद्दल. ऐकता ऐकता माझा डोळा लागतो तर हलवून उठवते. मी थकून गेलेय, अक्का, आणि ती निघाली की हा थकवा जाणार, याचंच मला वाईट वाटतंय. मालिकेचा शेवटचा भाग अजून यायचाय. कप्तानाचं खरंखोटं त्यात कळेल. तो भाग येईल तेव्हा ती तुझ्या नियमांत असेल.

असो. हात भरून आला. भाऊजींना नमस्कार, आणि दात वाटीत असतील तर झाकण ठेवा म्हणावं.

तुझी दमलेली,
धाकटी

ता.क. खरं म्हणजे एवढ्यासाठीच लिहायला बसले होते. संध्याकाळी टीव्ही बंद हा नियम जरा सैल कर. रोज एक भाग लाव, पहिल्यापासून, आणि स्वतः तिच्याशेजारी बस. शेवटचा भाग येईपर्यंत तुला सगळी माणसं पाठ व्हायला हवीत.

ता.क. दुसरा. चष्मेवाल्याचं बहुतेक बरोबर आहे. खांद्याचं मी तोंडाला येईल ते ठोकून दिलं. मला त्या चित्रांतली तोंडं सगळी सारखीच दिसतात. दुकानात मी गिऱ्हाइकं कपड्यांवरूनच ओळखायची, तसा कोट पाहिला आणि म्हटलं कप्तान. तिला सांगू नकोस.

ता.क. शेवटचा. बघायला बसलीस की काहीतरी चुकीचं बोल. बरोबर बोललीस तर ती "हं" म्हणून उठून जाईल, मी करून पाहिलंय. तू जन्मभर बरोबरच बोलत आलीस, तुला जड जाईल, पण माझ्यासाठी एवढं कर. सुरुवातीला म्हण की ती मेली निळ्या केसांची बाई मला मुळीच आवडत नाही. पुढचं ती बघून घेईल.