बिदरच्या जिन्याची मापं

आखन, जर्मनी,
१६ नोव्हेंबर २००६

प्रिय नागेश,

कसा आहेस? काकूंचे गुडघे आता बरे आहेत ना? इथे आठवडाभर पाऊस लागलाय, त्यामुळे सायकल ठेवून बसने जातेय. दोन वर्षांनी माझं अक्षर पाहून तुला नवल वाटेल.

बहमनी वजीर महमूद गवानच्या बिदरमधल्या मदरशावरचा प्रबंध पुरा झाला. चौकाभोवतीच्या विद्यार्थ्यांच्या खोल्या, ग्रंथालय, दारूगोळ्याच्या स्फोटात कोसळलेली दर्शनी बाजू, उरलेल्या मिनारावरच्या निळ्या फरशा, सगळं आलंय. तोंडी परीक्षा उद्या ठरली होती.

मिनारातल्या जिन्याचा आराखडा प्रोफेसरबाईंना फार आवडला. अशा अंधारात, वटवाघळांत एकेक पायरी कोण मोजतं, म्हणाल्या.

तू मोजलीस, हे मी सांगितलं नाही.

तुझ्या घरून काका गेल्याचा फोन आला आणि तू अर्धं काम टाकून बिदरहून निघालास. 'नीट उतरवून पाठवते' म्हणत तुझी वही मी ठेवून घेतली. पाठवली नाही. आराखड्याखाली फक्त माझं नाव आहे.

सोमवारी बाईंनी मूळ वही मागितली. पानं उलटताना थांबल्या.

"तर मग ऊर्मिला, हे अक्षर कुणाचं?"

"माझ्या मित्राचं. त्याची परवानगी आहे."

"लेखी?"

मी हो म्हटलं. गुरुवारपर्यंत ते पत्र आणून द्या, म्हणाल्या.

म्हणून काल तुला फोन केला. मागची तारीख घालून तेवढं पत्र फॅक्स कर, असं सांगणार होते. तू केलंही असतंस. फोन काकूंनी घेतला. तू साइटवर होतास. "झालं का गं तुमचं दोघांचं पुस्तक?" त्यांनी विचारलं. पत्राचं काही न सांगताच मी फोन ठेवला.

गवानचा जीव एका खोट्या पत्रापायी गेला, हे दुसऱ्या प्रकरणात मीच लिहिलंय.

आज सकाळी बाईंना सगळं सांगितलं. परीक्षा रद्द झाली. पुढचं समिती ठरवेल. बहुधा शिष्यवृत्ती जाईल आणि मला परत यावं लागेल. आईला अजून कळवलेलं नाही.

समिती तुला लिहील. तुझा पत्ता मीच दिलाय. मला सांभाळून घेणारं एक वाक्यही लिहू नकोस. जे झालं तेवढंच लिही. वहीची झेरॉक्स त्यांनी ठेवलीय. वही रजिस्टरने तुझ्याकडे निघालीय.

खाली 'तुझी मैत्रीण' लिहिलं होतं, ते खोडलं. ते तू ठरव.

ऊर्मिला