खिळ्याला टांगलेली रोटी

चेल्याबिन्स्क, १४ फेब्रुवारी

आईस, तुझ्या पिठाळ हातांना ओठ टेकवून सलाम.

मी ठणठणीत आहे. बूट जाड आहेत, पोटभर जेवते. माझ्या लेकीचा, सितोराचा, खोकला गेला का? झोपेत पांघरूण लाथाडते ती, बघत जा.

रशियन शिकतेय. बाजार, दवाखाना, स्टेशन, सगळं विचारता येतं. फक्त भांडता येत नाही.

कॅन्टीनचं काम सुटलंय, पण घाबरू नकोस. तिथे रोज उरलेला पाव कचऱ्यात टाकायला लावायचे. माझा हातच धजेना. मी तो पिशवीतून न्यायचे आणि आपल्या गावी, कुलोबला, ठेवतात तसा उंच फांदीवर पाखरांसाठी ठेवायचे. एक दिवस मोठ्या बाईंनी, झिनाइदा पाव्लोव्नांनी, पिशवी धरली. "चोरी करतेस होय गं? बोल की! तोंड शिवलंय का?"

आई, खाली पडलेला तुकडा तू उचलून कपाळाला लावतेस ना, ते सगळं घशाशी आलं होतं. रशियनमध्ये त्यातलं काही येईना. एवढंच निघालं, "माफ करा." सगळ्यांना वाटलं, कबूल झाली.

तीन आठवडे दारोदार फिरतेय. जो तो म्हणतो, आधी नीट बोलायला शिक.

निघताना मी एक घास चावून दिलेली रोटी अजून खिळ्याला आहे ना? उरलेली मीच येऊन संपवायची, म्हणून तू टांगलीस. वाळून दगड झाली असेल, तरी काढू नकोस. सितोराने हट्ट केला तरी तुकडा देऊ नकोस. माझी म्हणावी अशी तेवढी एकच रोटी उरलीय.

तुझीच,
मुनिरा